पहिली कॅसेट माझी, दुसरी दादाची

आमच्या वाटणीत विहिरीकडचं रान दादाला गेलं आणि पाटाकडचं मला आलं. भांडी निम्मी निम्मी. गाई दोन होत्या, एकेक घेतली. आणि दोन कॅसेटींचा एक संच होता, एका विलायती बँडच्या लाइव्ह कार्यक्रमाचा. त्यातली पहिली कॅसेट माझ्याकडं आली नि दुसरी त्याच्याकडं गेली. हे सांगितलं की लोक हसतात. हसा. दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं तर मीही हसलो असतो.

बँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हेवी मेटलचं वेड असलेली माणसं नाव वाचलं की लगेच भांडायला बसतात, याच्यापेक्षा अमका बरा आणि तमका बरा. मला भांडण नको. भांडून मी आयुष्यात बरंच मिळवलंय.

त्या कॅसेटी मुळात दादाच्या. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं मी जे केलं त्याची लाज कुणाला कळायची नाही. आमची वस्ती नगर जिल्ह्यातल्या बेलापूरच्या अलीकडं, कॅनॉलला लागून. तिथनं आम्ही दोघं भाऊ नगरला गेलो आणि माळीवाड्यात एक खोली घेतली. मी कॉलेजात होतो आणि दादा आयटीआय करून मोटारसायकलच्या एका गॅरेजात लागला होता. नगरला लष्कराचा तळ, त्यामुळं गॅरेजात जवान यायचे. त्यात मिझोरामचा एक जण होता. त्याला मराठी येत नव्हती, दादाला त्याची भाषा येत नव्हती, आणि हिंदी दोघांचीही दिव्य. पण दादानं त्याच्या गाडीचं इंजिन असं काही बांधून दिलं की बदली होऊन जाताना त्यानं ट्रंकेतनं हा संच काढला आणि दादाच्या हातावर ठेवला. दादा खोलीवर येऊन म्हणाला, "हे बघ काय दिलंय. मांडणीवरची भांडी पडल्यासारखं वाजतंय, पन सोडवत न्हाई."

पहिल्या कॅसेटीच्या सुरुवातीला चांगलं मिनिटभर गाणंच नाही. नुसते लोक. हजारो माणसं अंधारात उभी आहेत आणि अजून काहीही झालेलं नाही. शिट्ट्या, आरोळ्या, कुणीतरी कुणाला तरी लांबून हाक मारतंय. मग बहुतेक दिवे लागत असावेत, कारण एकदम सगळे ओरडतात, आणि त्या ओरडण्यातच ड्रम सुरू होतात. आम्ही दोघं ते ऐकताना श्वास धरून बसायचो. पुढं मी त्याच बँडची स्टुडिओत केलेली गाणी ऐकली. चोख होती, इस्त्री केल्यासारखी. पण तिथं कुणी नसतं हो. इथं गाणारा दमतो, दम खायला ओळ अर्धी सोडतो, आणि उरलेली अर्धी लोक म्हणतात. तिसऱ्या गाण्यात तर गिटारवाला चक्क चुकतो. चुकतो, आणि थांबत नाही, दुप्पट जोरानं पुढं जातो. कॅसेट काढणाऱ्यांना ती चूक गाळता आली असती, पण त्यांनी ठेवली. दादाचा सगळा जीव त्या जागेवर. ती आली की माझ्या मांडीवर थाप हाणायचा, "चुकला! चुकला गडी!" जसं काही आमच्याच पाहुण्यातलं कुणी चुकलंय.

गाण्यातलं इंग्रजी आम्हाला ओ का ठो कळत नव्हतं. त्यानं काही अडलं नाही. गर्दीही आम्हाला नवी नव्हती, जत्रेतल्या कुस्त्या बघत मोठे झालो. पण माळीवाड्यातल्या त्या खोलीत आमच्याकडं कधी कुणी येत नसे. कॅसेट लावली की एवढीशी खोली माणसांनी भरून जायची, आणि ती माणसं निघून जायची घाई करायची नाहीत. मला वाटतं, लाइव्ह कॅसेटीचं खरं सुख तेच. गाणं कुठंही मिळतं, सोबत मिळत नाही.

पुढं वडील गेले. दादा गॅरेज सोडून शेतीवर परत आला आणि मी साखर कारखान्यात टाइमकीपर झालो. घर एकच होतं, चाललंही होतं बरं. मग एके दिवशी दादानं बैलजोडी विकून जुना ट्रॅक्टर आणला, मला न विचारता. मी कारखान्यातनं आलो, ट्रॅक्टर बघितला आणि चार माणसांत बोललो, "घर काय तुझ्या एकट्याचं हाय का?" दादाचा चेहरा उतरला. "मग तुझं तू घे," एवढंच म्हणाला. तिथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही, मी पहिल्यापासनं तिरसट.

आठ दिवसांत पंच बसले. सगळं वाटून झालं आणि कोपऱ्यात हा संच राहिला. मी म्हणालो, "आन ही? ही काय त्याची एकट्याची हाय?" धडधडीत खोटं. मला माहीत होतं आणि दादालाही माहीत होतं. पंचांत आमचे एक चुलते होते. त्यांनी दोन्ही कॅसेटी हातात घेऊन उलटसुलट करून बघितल्या आणि गंभीरपणे म्हणाले, "दोन हायत ना? मग एकेक घ्या की. त्यात काय." झाला न्याय! एकाच कार्यक्रमाचे दोन तुकडे आहेत, एकापुढं दुसरा लागतो, हे त्यांना कोण सांगणार? दादानं सांगायला पाहिजे होतं. त्याचीच वस्तू होती. पण तो खाली बघत बसला. त्याच्या त्या गप्प बसण्याचा मला इतका संताप आला की मी सगळ्यांदेखत उठून म्हणालो, "तुझ्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावला तर बापाचं नाव लावणार न्हाई."

त्याला बावीस वर्षं झाली.

घराच्या मधोमध विटांची भिंत घातली. माझ्या बाजूनं मी गिलावा केला, त्याच्या बाजूच्या विटा तशाच राहिल्या. बांधावर समोरासमोर आलो की मी पाटाकडं बघायचो आणि तो आभाळाकडं.

आमच्याकडं अमावास्येला रानात काम धरत नाहीत. बैल गेले, ट्रॅक्टर आले, पण ही चाल काही गेली नाही. वाटणीनंतरच्या एका अमावास्येला दुपारी चहा पिऊन मी माझी कॅसेट लावली. दोन्ही बाजू वाजल्या. माझी कॅसेट संपते तेव्हा कार्यक्रम संपलेला नसतो, लोक ओरडत असतात, गाणारा काहीतरी बोलायला लागतो आणि तेवढ्यात टेपचं बटण खटकन वर येतं. तसंच झालं. मी कॅसेट काढायला उठलो आणि भिंतीपलीकडून दुसरी कॅसेट सुरू झाली. मला वाटलं, खिजवतोय. पुढच्या अमावास्येला मी मुद्दाम तासभर उशीर केला. तो थांबला होता. माझी संपली की त्याची सुरू. टाइमकीपर माणूस मी, घड्याळ घेऊनच बसलो. वीस सेकंदसुद्धा जाऊ दिली नाहीत पठ्ठ्यानं.

मग ते तसंच सुरू राहिलं, अमावास्येला मी कारखान्यात पहाटेची पाळी मागून घ्यायचो. आमच्यात एक शब्द नाही, पण अमावास्येच्या दुपारी अर्धा कार्यक्रम माझ्या घरात आणि अर्धा त्याच्या घरात. कॅनॉलच्या रस्त्यानं जाणारे म्हणायचे, "झाली बघा भुतं सुरू." अमावास्या आणि त्यात असलं संगीत, त्यांचं तरी काय चुकलं?

मध्यंतरी मुलीचं लग्न झालं. बायको तिच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली, तीन महिन्यांच्या बोलीवर. तो नातू आता शाळेत जातो. ती तिकडंच रमली, मला पुण्यात करमत नाही, दोघांचंही बरोबर आहे. मी कारखान्यातनं निवृत्त झालो. घरात मी आणि टीव्ही. टीव्हीतल्या माणसांना मी मोठमोठ्यानं शिव्या देतो, ते उलट बोलत नाहीत. संध्याकाळी काही वाटत नाही, गाईची धार काढायची असते. दुपारी चहा करताना मात्र फार एकटं वाटतं. एक कप चहा, आणि पातेली सगळी घरभर माणसं असतानाची.

आता कुणी म्हणेल, मोबाइलवर सगळं मिळतं. मिळतं. मीही शोधलं, अख्खा कार्यक्रम मिळाला. ऐकत बसलो. माझी बाजू संपली आणि मधे जराही न थांबता दादाची बाजू सुरू झाली, माझ्याच हातातल्या मोबाइलमधून. मला ते सहन होईना. बंद केला तो पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. खरं सांगतो, मी महिनाभर त्या एका दुपारची वाट बघायचो. माझं बालपण माहीत असलेलं एवढं एकच माणूस मला उरलं होतं, आणि ते माझ्याशी फक्त दुसरी कॅसेट लावून बोलत होतं. तेही गेलं तर मग काहीच नव्हतं.

गेल्या दिवाळीला मी घराला रंग दिला. मधल्या भिंतीला ओल येत होती, म्हणून टेप ज्या फळीवर असायचा ती तिथनं काढली आणि समोरच्या भिंतीला ठोकली. पुढच्या अमावास्येला माझी कॅसेट संपली आणि पलीकडं काहीच वाजलं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. म्हटलं, बाहेरगावी गेला असेल. त्याच्या पुढच्या अमावास्येला माझं तिसरं गाणं चालू असतानाच त्यानं त्याची कॅसेट लावली. इकडं एक गाणं, तिकडं भलतंच, नुसता कालवा! माझं डोकं फिरलं. आठच दिवसांपूर्वी मी गाडीवरनं येताना त्याला हॉर्न दिला होता, एकदा नाही, तीनदा. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही, रस्त्याच्या मधनं ऐटीत चालत राहिला. आता हे. म्हटलं, आयला, एवढा माज? एवढंही ठेवायचं नाही का? टेप बंद केला आणि पुन्हा लावायचा नाही असं ठरवलं.

चार अमावास्या गेल्या. मी लावली नाही, त्यानंही लावली नाही. दुपारचा चहा करायचा, प्यायचा आणि भिंतीकडं पाठ करून बसायचं. आपण कसे ताठ राहिलो याचं कौतुक करायला घरात कुणी नव्हतं.

मग बेलापूरला गिरणीत वहिनी भेटली. दादाची बायको. इतक्या वर्षांत आमचं बोलणं 'व्हय' आणि 'न्हाई' एवढंच. त्या दिवशी ती सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"भावजी, बंद का केलं हो तुमी?"

"काय बंद केलं?"

"उगं येड पांघरू नका. आवसंचं तुमचं ते."

"त्यालाच नकोय तर मी कशाला लावू? माझी चालू असताना मधेच लावतो."

ती आणखी जवळ आली. "त्यांना ऐकू येत न्हाई, भावजी," ती म्हणाली. गिरणीच्या आवाजामुळं ती मोठ्यानं बोलतेय असं मला वाटत होतं. गिरणी थांबली तरी तिचा आवाज तेवढाच राहिला. "दोन वर्सं झाली. ट्रॅक्टरनं कान गेलं म्हनतो डॉक्टर. पोरानं कानाचं मशिन आनलं, ते शिट्टी मारतंय म्हनून डब्यात पडलंय. मी समदं पाटीवर लिहून सांगते त्यांना."

"मग माझी कॅसेट संपली हे त्याला कळायचं कसं?"

"भिंतीला हात लावून बसायचे. धडधड लागती म्हनं हाताला. ती थांबली की आपली लावायचे. दिवाळीपासनं हाताला कायबी लागंना. एकदा लावली नुसत्या अंदाजानं. आता दर आवसंला बसत्यात तसंच, हात लावून. मागल्या आवसंला तर दिवस मावळला तरी उठंनात."

मी हातातला दळणाचा डबा खाली ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "पण वहिनी, त्याला ऐकूच येत नाही तर तो स्वतःची कॅसेट लावतो कशाला?"

"ते कुठं सोतासाठी लावत्यात? तुमच्यासाठी लावत्यात."

मी दळण तिथंच विसरून घरी आलो.

फळी परत मधल्या भिंतीला ठोकणं म्हणजे दोन खिळ्यांचं काम. त्याच्या हाताला धडधड लागली असती, त्यानं त्याची कॅसेट लावली असती, सगळं पहिल्यासारखं झालं असतं. दोन दिवस मी हातोडी हातात घेऊन घरभर फिरलो. पण धाडस होईना. एक बहिरा माणूस दोन वर्षं माझ्यासाठी गाणी लावत होता आणि मी त्याला माजोरी म्हणत होतो. त्याच्या कॅसेटींची जोडी मी तोडली, त्याला चार माणसांत बोललो, बापाची आण घेतली. एवढं सगळं भिंतीतनं कसं पोचवायचं? वहिनीची पाटी डोक्यात आली, पण ते मनाला पटेना. 'चुकलं माझं' असं खडूनं लिहायचं, आणि मग वहिनीनं ते फडक्यानं पुसून खाली 'जेवायला चला' लिहायचं? छ्या! तोंडानं बोललो होतो, तोंडानंच परत घ्यायला पाहिजे. ऐकू येवो न येवो.

अमावास्येला दुपारी टेप काखेत मारला, कॅसेट खिशात टाकली आणि रस्त्यानं वळसा घालून त्याच्या दारात गेलो. पंधरा पावलांचं अंतर. उंबऱ्याशी पाय अडलाच. बापाचं नाव लावणार नाही म्हणालो होतो. बाप वरनं बघत असला तर म्हणत असेल, गाढवा, जा की आत. मी आत पाऊल टाकलं.

दादा बाजेवर बसला होता, मधल्या भिंतीला टेकून नाही, भिंतीकडं तोंड करून, आणि उजवा हात विटांवर पसरलेला. केस सगळे पांढरे झाले होते. लांबून रोज दिसायचे, पण जवळनं किती पांढरे होते! मी त्याच्या खांद्याला हात लावला. त्यानं वळून बघितलं. माझ्याकडं बघितलं, टेपकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं. मला वाटलं, आता हाकलतो.

"लाइट हाय का बघ आधी," तो म्हणाला. बहिरी माणसं बोलतात तसं, घर दणाणून सोडत.

लाइट होती. वहिनीनं स्टूल आणून दिलं आणि पदर तोंडाला लावून ती आत गेली. मी टेप स्टुलावर ठेवला, वायर जोडली, कॅसेट घातली आणि त्याचा हात उचलून टेपच्या पाठीवर ठेवला. हात गरम होता. सुरुवातीचे लोक ओरडायला लागले, त्याला काही कळलं नाही, तो नुसता माझ्या तोंडाकडं बघत होता. मग ड्रम सुरू झाले आणि त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. मान हलायला लागली. अंगठ्यानं ठेका धरला, तोही बरोबर. अख्खं गाणं त्यानं हातानं ऐकलं.

गाणं संपलं. अंगठा थांबला. टेपमधे हजारो माणसं जिवाच्या आकांतानं ओरडत होती आणि दादाच्या हाताला त्यातलं काहीच लागत नव्हतं. ओरडणं हाताला लागत नाही, हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं. त्यानं भाबडेपणानं विचारलं, "वरडत्यात का रं लोकं?"

मी मान हलवली.

"लई?"

मी पुन्हा मान हलवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी म्हणालो, "दादा, चुकलं माझं." तो बघत राहिला. मी मोठ्यानं म्हणालो. मग होता नव्हता तेवढा जोर लावून, घशाच्या शिरा ताणून ओरडलो, "दादा, चुकलं माझं!"

त्याला माझं उघडलेलं तोंड दिसलं. त्याला वाटलं, माळीवाड्याच्या खोलीत आम्ही दोघं लोकांच्या आवाजात आवाज मिसळून बोंबलायचो तसा मी बोंबलतोय. तो खूश झाला. टेपवरचा हात न काढता त्यानं दुसरा हात वर केला, मान मागं टाकली आणि तोही ओरडला. मी पुन्हा म्हणालो, चुकलं माझं. तो आणखी जोरात ओरडला. दुसरं गाणं सुरू होईपर्यंत आम्ही दोघं तसेच ओरडत होतो.